धरणीचे माप आणि काळाची निकड

आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाने 1912 मध्ये खंडे सरकत असल्याचा सिद्धांत मांडला, तेव्हा बहुतेक विद्वानांनी तो अव्हेरला. ग्रीनलंडचे रेखांश पुनःपुन्हा मोजून आपले म्हणणे सिद्ध होईल, अशी त्याची आशा होती. परंतु तत्कालीन साधने तितकी सूक्ष्म नव्हती. 1930 मध्ये ग्रीनलंडच्याच हिमात त्याचा अंत झाला.

त्याला हवी असलेली मोजपट्टी पुढे आकाशात सापडली. क्वेसार हे ज्योतिपुंज इतके दूर आहेत, की पृथ्वीवरून ते अचलच भासतात. त्यांची रेडिओलहर दोन दूरस्थ दुर्बिणींवर एकाच क्षणी पोचत नाही. हे क्षणांतर मोजले, की दुर्बिणींमधील अंतर काढता येते. सेकंदाच्या अब्जांशात प्रकाश 30 सेंटिमीटर जातो. यावरून घड्याळे किती काटेकोर हवीत, हे ध्यानात येईल. 1967 मध्ये कॅनडा आणि अमेरिका येथे हे तंत्र प्रथम यशस्वी झाले. हवाई बेटे व जपानमधील काशिमा यांच्यातील अंतर वर्षाला सुमारे 6 सेंटिमीटरांनी घटते, हे कालांतराने त्यानेच दाखविले. वेगेनरच्या मूळ कल्पनेला मोजमापाची साक्ष मिळाली.

मात्र दोन्हीकडच्या नोंदी एकत्र ताडल्यावाचून उत्तर हाती येत नसे. नोंदींच्या जड फिती विमानाने धाडाव्या लागत, आणि निष्कर्ष वरातीमागून येणाऱ्या घोड्यासारखा येई. खंडांच्या मंद गतीसाठी हा विलंब सोसण्याजोगा होता. भूकंपप्रवण राजधानीसाठी नव्हता.

1923 च्या भूकंपात तोक्यो आणि योकोहामा परिसरातील एक लाखाहून अधिक माणसे दगावली होती. म्हणून 1990 नंतरच्या दशकात जपानने कोगानेई, काशिमा, मिउरा व तातेयामा येथे दुर्बिणी उभारून त्या प्रकाशतंतूंनी जोडल्या. फितींची वाहतूक टळली. 2000 च्या उन्हाळ्यात मियाके बेटाजवळ भूकंपांची मालिका सुरू झाली, तेव्हा तातेयामाची भूमी काही सेंटिमीटर सरकल्याचे या केंद्रांनी वेळीच टिपले.

त्यानंतर इंटरनेटने समुद्रही ओलांडला. पृथ्वीच्या परिवलनाचा वेग सदैव एकसारखा नसतो. त्यात एका सहस्रांश सेकंदाचा फरक पडला, तर विषुववृत्तावर सुमारे 46 सेंटिमीटरांची चूक होते. उपग्रहांवरून स्थान ठरविणाऱ्यांना ती परवडत नाही. 2003 मध्ये काशिमा आणि अमेरिकेतील वेस्टफोर्ड यांच्या नोंदींवरून परिवलनाचे माप एका दिवसाच्या आत मिळाले. 2007 मध्ये काशिमा आणि स्वीडनमधील ओन्साला यांनी तेच काम वेध संपल्यावर अर्ध्या तासात साधले.

भूकंपाचे भाकीत यांपैकी कोणत्याही दुर्बिणीने केलेले नाही. पण पायाखालची भूमी किती हलली, हे आज कळणे आणि महिन्याने कळणे यांत मोठे अंतर आहे. पहिले ज्ञान कारभाराच्या कामी येते; दुसरे इतिहासात जमा होते.