दुखतंय कुठे, आणि जेवलात का?

घरातलं म्हातारं माणूस न्हाणीत घसरतं, चक्कर येऊन पडतं, नाहीतर रात्री धाप लागते. मग आपण गाडी करून कॅज्युअल्टीत नेतो. तिथे बीपी बघतात, सलाईन लावतात, एक्स-रे काढतात. हे सगळं हवंच. पण घरी स्वयंपाक कोण करतं, दात नसताना भाकरी कशी चावता, किराणा कोण आणतं, हे कोण विचारतं? हे प्रश्न दवाखान्यात कसे शिरले, ते आज आम्ही सांगणार आहोत.

अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात, मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये रिचर्ड कॅबट नावाचे डॉक्टर होते. चांगलं खा, विश्रांती घ्या, असं ते पेशंटला सांगायचे. पण ज्याचं हातावर पोट, त्याला हे सांगून काय उपयोग? हे त्यांच्या लक्षात आलं, आणि 1905 साली त्यांनी गार्नेट पेल्टन या नर्सबाईंना पेशंटच्या घरची हकीकत समजून घ्यायला नेमलं. बसायला जागा मिळाली ती बोळातल्या एका कोपऱ्यात. सुरुवातीला पगारही हॉस्पिटलचा नव्हता. काही महिन्यांतच पेल्टनबाईंना क्षय झाला. मग आयडा कॅनन यांनी ते काम घेतलं आणि 1945 पर्यंत चालवलं. बायकांच्या कामाला कोपराच मिळतो, हे काही आपल्याला नवं नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात समाजसेविकेचं पद आलं 1946 साली.

पोटाचा प्रश्न मात्र त्याहून मागे राहिला. दवाखान्यात दाखल असलेली माणसं अन्नावाचून खंगतात आणि त्यांच्या वजन-उंचीची साधी नोंदही होत नाही, असं डॉ. चार्ल्स बटरवर्थ यांनी 1974 साली अमेरिकेत लिहिलं, तेव्हा डॉक्टर मंडळी खडबडून जागी झाली. पुढे 1999 साली ऑस्ट्रेलियात अगदी सोपी तपासणी निघाली. त्यात प्रश्न दोनच: मुद्दाम न करता वजन उतरलंय का? भूक मंदावून खाणं कमी झालंय का?

कॅज्युअल्टीत हे विचारलं तर काय दिसतं? अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात 65 वर्षांवरच्या 138 पेशंटना विचारून पाहिलं. शंभरात 16 जण कुपोषित निघाले. कुपोषित आणि त्या वाटेवर असलेले मिळून शंभरात 60 झाले. कुपोषितांपैकी बहुतेकांना हे आधी कोणीच सांगितलं नव्हतं. ज्यांचं मन उदास, ज्यांना चावता-गिळता येत नाही, ज्यांना किराणा आणणं जमत नाही, त्यांच्यात हे जास्त दिसलं. म्हणजे कॅबट डॉक्टरांचा प्रश्न आणि बटरवर्थ यांचा प्रश्न एकाच खाटेवर भेटले. आपण मात्र "वय झालं, आता भूक कुठली" म्हणून मोकळ्या होतो. त्यात घरातली म्हातारी सगळ्यांच्या मागून जेवणारी, तिच्या ताटात काय उरलं हे बघतं कोण?

जिथे पेशंटला काट्यावर उभं करता येत नाही, तिथे पोटरी मोजतात. शिवणाची टेप पोटरीच्या सगळ्यात जाड भागाभोवती धरायची, आवळायची नाही. 31 सेंटिमीटरपेक्षा कमी भरली, तर खाण्यापिण्याची चौकशी करायलाच हवी. पायाला सूज असेल तर मात्र या मापावर विसंबू नका. आणि कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी नाही विचारलं, तर आपणच सांगायचं: गेल्या महिन्यांत यांचं वजन उतरलंय, आणि दुपारी घरी या एकट्याच असतात.