लवचिक ताणसंवेदक

त्वचेवर चिकटवून किंवा कपड्यात बसवून शरीराची हालचाल मोजणारे, ताणले जाणारे विद्युत् साधन. ताणल्यावर त्यातील वाहक थराचा रोध किंवा धारिता बदलते आणि त्यावरून सांधा किती वाकला ते कळते. पुलांवर वापरतात ती धातूच्या वर्खाची ताणमापके थोड्याच टक्क्यांच्या ताणात निकामी होतात. गुडघा वाकवताना त्यावरची कातडी मात्र त्याच्या कितीतरी पट ताणली जाते. म्हणून वेगळे द्रव्य शोधावे लागले.

जपानमधील त्सुकुबा येथील संशोधकांचे काम इथे विशेष महत्त्वाचे आहे. त्यांनी २०११ मध्ये एकाच दिशेत रचलेल्या कार्बन नॅनोनलिकांचा पातळ थर सिलिकोन रबरावर बसवून २८० टक्क्यांपर्यंतचा ताण मोजला. ताणल्यावर थराला भेगा पडतात, पण नलिकांचे जुडगे त्या भेगा सांधून धरतात, त्यामुळे प्रवाह तुटत नाही. भेग रुंदावते तसा रोध वाढतो. त्यांचे संवेदक हातमोजे, पायमोजे व बँडेजवर बसवता आले आणि टंकलेखन, श्वसन, बोलणेसुद्धा टिपता आले. फिजिओथेरपीत रुग्णाची चाल आणि सांध्यांची हालचाल तपासायला असे संवेदक उपयोगी पडतात. मात्र घाम व तापमानामुळे वाचन ढळते, आणि सैल झालेले रबर लगेच मूळ लांबीवर येत नसल्याने मापनात फरक पडतो.