रोजा आणि रोगी : एका सवलतीचा इतिहास

रमजानचे रोजे हिजरी सन २ मध्ये, म्हणजे इ. स. ६२४ च्या सुमारास, मुसलमानांवर फर्ज झाले. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्न नाही, पाण्याचा घोटही नाही, असे हे व्रत कडक खरे. पण ज्या वचनांनी ते घालून दिले, त्याच वचनांनी आजाऱ्याला मोकळेही केले. कुराणाच्या दुसऱ्या सूऱ्यातील १८४ व १८५ या आयतींत आजाऱ्याला व प्रवाशाला ते दिवस पुढे भरून काढण्याची मुभा आहे. ज्याला तेही कधी झेपणार नाही, त्याने गरिबाला जेवू घालावे, असे शास्त्रकार सांगतात. यालाच फिदया म्हणतात. आम्हां ख्रिस्ती लोकांच्या उपवासकाळातही रुग्णाला अशीच सूट असते.

मग अडचण कोठे आली? ताप उतरतो, मधुमेह मात्र जन्माचा सोबती. शिवाय मधुमेही माणूस चालता-बोलता असतो, म्हणून स्वतःला आजारी मानण्यास तो तयार नसतो.

इन्सुलिनपूर्वी या रोगावर उपासमार हाच एक उपचार होता. अमेरिकेत डॉ. ॲलन यांनी रुग्णांना अगदी मोजक्या अन्नावर ठेवून त्यांचे आयुष्य थोडे लांबविले. १९२२ च्या जानेवारीत टोरांटो येथे चौदा वर्षांच्या एका मुलाला इन्सुलिन टोचण्यात आले आणि चित्र पालटले. मधुमेही जगू लागला. पण औषध व अन्न यांची सांगड त्याच्या पाठीस लागली. औषध घेतले आणि अन्न पोटात गेले नाही, तर रक्तातील साखर एकाएकी उतरते, घाम फुटतो, भान हरपते. प्रसंगी प्राणावर बेतते.

तरीही किती जण रोजे धरतात? १३ देशांतील १२ हजारांहून अधिक मधुमेही मुसलमानांची २००१ साली पाहणी झाली. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचे सुमारे ४३ टक्के, तर दुसऱ्या प्रकारचे सुमारे ७९ टक्के रुग्ण निदान पंधरा दिवस रोजे धरीत होते. साखर धोकादायक रीतीने उतरण्याचे प्रसंग त्या महिन्यात पहिल्या प्रकारात सुमारे पावणेपाचपट, तर दुसऱ्यात साडेसातपट झाले.

केवळ 'रोजा धरू नका' असे सांगून भागत नाही, हे वैद्यांना यातून उमगले. २०१६ साली व पुन्हा २०२१ साली आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या सहकार्याने मार्गदर्शिका निघाल्या. त्यांचे सार असे : रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटावे, औषधाची मात्रा व वेळ त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावी, दिवसा रक्त तपासावे, त्याने रोजा मोडत नाही, साखर ७० च्या खाली उतरली किंवा ३०० च्या वर चढली, तर रोजा तत्काळ सोडावा. ज्यांना धोका मोठा आहे, त्यांनी तो धरूच नये.

घरातील सारी मंडळी रोजेदार असताना आपण एकट्याने दुपारी जेवावे, याची रुग्णाला लाज वाटते. ती लाज घालविणे हे घरच्यांचे काम आहे. सवलत ही आज्ञेतील पळवाट नव्हे. आज्ञेबरोबरच ती सांगितलेली आहे.