असईच्या तोफेमागे उभे राहू नका

तोफेच्या मागे उभे राहू नका. चाकांच्या वाटेतून बाजूला सरा. गोलंदाज हिंदुस्थानीत ओरडतोय. शब्द कळले नाहीत तरी हाताची खूण कळते. तारीख 23 सप्टेंबर 1803, दुपार कललेली. भोकरदनजवळ असईच्या शिवारात, केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, दौलतराव शिंद्यांचं कवायती पायदळ रांग धरून उभं आहे. तोफांची तोंडं पूर्वेकडे, कारण केळना ओलांडून इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली त्या बाजूनं येतोय. उतारावरच एका गोळ्यानं त्याच्या जवळच्या स्वाराचं डोकं उडवलंय.

दारूची थैली आत गेली, त्यावर गोळा. दोन्ही ठासले. तोफेच्या कानाला बत्ती लागते आणि गाड्यासकट अख्खी तोफ उसळून मागे येते, मघाशी तुम्ही उभे होतात तिथवर. दोघं-चौघं लगेच चाकांना भिडतात, ती पुढे लोटायला.

नववीच्या पुस्तकातला संवेग तो हाच: वस्तुमान गुणिले वेग. बत्तीआधी तोफ आणि गोळा दोन्ही स्थिर, म्हणजे एकूण संवेग शून्य. दारू पेटली तरी बेरीज शून्यच राहायला हवी, कारण स्फोटाचा जोर तोफ आणि गोळा यांच्या आपसातला आहे, बाहेरून कुणी ढकललेलं नाही. सोयीसाठी गोळा तीन किलोचा धरा, वेग सेकंदाला 400 मीटर. पूर्वेकडे गेले 1200. तेवढेच पश्चिमेकडे यायला हवेत. तोफ आणि गाडा मिळून 800 किलो असतील, तर मागे येण्याचा वेग सेकंदाला दीड मीटर, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाएवढा. (पुढे जाणारा धूरही आपला वाटा मागतो, त्यामुळे खरा धक्का याहून थोडा जास्तच.)

मग समोर माणसं उडतात आणि इथे फार तर पाय चेंगरतो, असं का? संवेग सारखा असला तरी ऊर्जा सारखी नाही. तिच्या हिशेबात वेगाचा वर्ग येतो. गोळ्याकडे 2,40,000 ज्यूल, तोफेकडे जेमतेम 900. माझ्या मते धड्यात बंदूक-गोळीच्या गणिताशेजारी हा आकडा छापायलाच हवा. त्याशिवाय ‘समान आणि विरुद्ध’ हे शब्द पोरांना पटत नाहीत.

आणि काळ्या मातीत चाकं रुतून तोफ थांबली, तेव्हा तिचा संवेग गेला कुठे? जमिनीत. पृथ्वीनं तो घेतला. तिच्या वजनापुढे तो कुणाला दिसणार!

गोळ्याचा वेग मोजायची युक्तीही यातूनच निघाली. इंग्लंडात बेंजामिन रॉबिन्सनं 1742 साली छापली: टांगलेल्या जड लोलकात गोळी रुतू द्यायची, लोलक किती झुलला ते पाहायचं आणि उलटं गणित मांडायचं. रुतताना ऊर्जेचा बराचसा भाग उष्णतेत आणि लाकूड फाडण्यात जातो. संवेग मात्र पुरता उरतो, म्हणूनच गणित जमतं.

एवढ्यात वेलस्लीच्या तोफा गप्प झाल्यात. त्यांचे बैल आणि गोलंदाज शिंद्यांच्या गोळ्यांनी आडवे केलेत. तो पायदळाला संगिनी रोखून पुढे सोडतो. पलटणी तुमच्या रांगेवरून पश्चिमेला निघून जातात, तोफांभोवती प्रेतं टाकून. पण प्रेतांतले काही जण जिवंत आहेत. मेल्याचं सोंग घेतलेले गोलंदाज उठतात आणि तोफ गरकन पश्चिमेकडे वळवून शिपायांच्या पाठीवर बत्ती देतात. आता गोळा पश्चिमेला, गाडा पूर्वेला. वजा चिन्हानं बाजू बदलली, एवढंच.

पण मागे आलेला गाडा पुन्हा जागेवर न्यायचाय आणि चाकाला भिडायला मघाचे हात नाहीत. वेलस्ली 78 वी हायलँडर पलटण मागे वळवून याच तोफांवर आणतोय. संध्याकाळपर्यंत 98 तोफा त्याच्या हाती लागतील. तुम्ही मोकळेच उभे आहात. लावा खांदा चाकाला.