भाकर, मांडा आणि खापर

जळगांवच्या पूर्वेस सुमारें दहा किलोमीटरांवर, भुसावळच्या वाटेवर, नशिराबाद हें जुनें गांव आहे. १८८० च्या खानदेश गॅझेटियरांत या भागांतील तालुक्याला याच गांवाचें नांव दिलेलें आढळतें. भोंवतीं तापीच्या खोऱ्यांतील काळी, ओल धरून ठेवणारी जमीन. पावसाळा सरल्यावर केवळ मुरलेल्या ओलीवर जी रब्बी ज्वारी येथें पिकते तिला खानदेशांत ‘दादर’ म्हणतात. आणि दादरची भाकर हेंच या मुलुखाचें पिढ्यानुपिढ्यांचें अन्न. ज्वारी नित्याची आणि गहूं सणाचा, अशी धान्यांची वांटणी येथें फार काळ होती.

ही वांटणी मराठी भाषेंतही उमटली आहे. पोटाचा प्रश्न हा नेहमीं ‘भाकरीचा प्रश्न’ असतो. पोळीचा कधींच नसतो. उलट स्वार्थी माणूस तूप ओढतो तें आपल्या पोळीवर, मनोराज्य करणारा मनांत मांडे खातो, आणि काटकसरी गृहिणी कोंड्याचा मांडा करते. भाकर ही गरज, पोळी हा लाभ आणि मांडा हें स्वप्न, असा हा क्रम आहे. गरिबाच्या भाकरीलाही मात्र आपली रुचि आहे. ज्वारींत अख्खे उडीद व मीठ घालून दळलेलें पीठ म्हणजे ‘कळणा’. कळण्याची भाकर, तिच्यासोबत ठेचा, कच्चें तेल आणि वांग्याचें भरीत, हें खानदेशी जेवण कोणत्याही पक्वान्नाच्या पंक्तीस बसण्याजोगें आहे.

‘मांडा’ हा शब्द बराच जुना आहे. बाराव्या शतकांत कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथांत ‘मंडक’ करण्याची कृति दिली आहे. गहूं धुऊन उन्हांत वाळवावे, दळून चाळावे, पिठांत थोडें तूप व मीठ घालून तें मळावें, गोळे हातांनीं पसरावे आणि तापलेल्या खर्परावर भाजावे, असा तिचा आशय. या खर्पराचेंच मराठी रूप ‘खापर’. आज खानदेशांतील सुगरण पुरण भरलेला उंडा लाटीत नाहीं. तो दोन्ही हातांवर झेलीत वाढविते आणि चुलीवर उपड्या घातलेल्या मातीच्या खापरावर टाकते. ‘पुरणपोयी’ हा येथील उच्चार, कारण या बोलींत ‘ळ’चा ‘य’ होतो.

खापराचा धनी कुंभार. त्याच्यावांचून मांडा नाहीं, ही गोष्ट मुक्ताबाईच्या सुप्रसिद्ध कथेंत स्पष्ट दिसते. तिला मांडे करावयाचे होते; पण विसोबा चाटी यानें कुंभारांना या वाळीत टाकलेल्या भावंडांस खापर देऊं दिलें नाहीं. मग ज्ञानेश्वरांनीं जठराग्नि प्रदीप्त केला आणि मुक्ताबाईनें त्यांच्या पाठीवर मांडे भाजले. कथा आळंदीची; परंतु परंपरेनुसार शके १२१९ मध्यें, म्हणजे इसवी सन १२९७ त, मुक्ताबाई अंतर्धान पावली ती याच खानदेशांत, तापीतीरीं मेहूण येथें. कथेंतील चमत्कार क्षणभर बाजूला ठेवला तरी एक सामाजिक सत्य उरतें : माणसाला वाळीत टाकावयाचें तर प्रथम त्याची चूल अडवावयाची.

चुलीचा आणि गांवगाड्याचा हा संबंध आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, विशेष दिसतो. त्या दिवशीं नवी घागर भरून पितरांना पुरणपोळीचा नैवेद्य दाखवितात. शेतावरील सालदाराचें वर्षही खानदेशांत आखाजीपासून आखाजीपर्यंत मोजलें जाई. म्हणजे जो दिवस धन्याच्या घरीं पोळीचा, तोच गड्याच्या भाकरीचा करार ठरण्याचा.

याहून कठोर चाल होती ती भाकर मागण्याची. महाराष्ट्रांत गांवोगांव वतनदार महारांना गांवकीच्या कामाबद्दल सुगीला धान्य आणि दारोदार फिरून मिळणारी भाकर, असा मोबदला असे. त्याला ‘हक्क’ म्हणत. पण तो उंबऱ्याबाहेर उभें राहून, बहुधा शिळ्या तुकड्यांच्या रूपानें घ्यावा लागे. मार्च १९२७ त महाड येथील परिषदेंत डॉ. आंबेडकरांनीं असलें उष्टें-शिळें अन्न सोडून देण्याचें आवाहन केलें. १९२८ सालीं त्यांनीं मुंबई कायदे कौन्सिलांत वतन-सुधारणेचें विधेयक मांडलें. १९५८ च्या कायद्यानें गांवचीं ही कनिष्ठ वतनें रद्द झालीं.

नव्या वधूवरांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकण्याची चाल आहे. तींत भाकर दृष्ट काढते. आखाजीला खापरही चुलीवर चढतें. दारोदारच्या भाकरीचा तो ‘हक्क’ मात्र गेला, आणि तो गेला हें योग्यच झालें. तथापि जुन्या शब्दांचा संग्रह करणाऱ्यानें ‘मांडा’ जितक्या आवडीनें टिपावा, तितक्याच निष्ठेनें ‘भाकर मागणें’ हा शब्दप्रयोगही त्याच्या साऱ्या अर्थासह टिपून ठेवावा. नाहींतर पुढील पिढीला आपल्या पूर्वजांच्या ताटांतील पुरण तेवढें दिसेल, आणि उंबऱ्याबाहेर पसरलेला पदर दिसणार नाहीं.