पायाखालचे लाकूड

मराठी घराविषयी लिहिताना आपण माजघर, देवघर, ओसरी, परसदार यांच्यावर पुष्कळ लिहिले आहे. ज्यावर हे सारे उभे असते त्या तळाविषयी मात्र फार थोडे. याचे मूळ कदाचित भाषेतच असावे. शेतालाही आपण ‘जमीन’ म्हणतो आणि खोलीच्या तळालाही, ‘भुई’चेही तसेच. घरातल्या तळासाठी वेगळा म्हणून जो शब्द रूढ झाला तो ‘फरशी’, आणि तो ज्या ‘फर्श’वरून आला त्याचा मूळ अर्थ ‘अंथरलेली वस्तू’ असा आहे. म्हणजे घराच्या आतही आपण बराच काळ मातीवरच वावरत होतो आणि नंतर तिच्यावर काहीतरी अंथरले, एवढे तरी शब्दांवरून कळते.

सह्याद्रीच्या उतारांवर आणि डांगच्या रानात उत्तम सागवान असताना या मुलखात लाकडी जमीन का रुजली नाही, हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. लाकडाचे आपल्याला वावडे नव्हते. पेशवाईतले वाडे म्हणजे सागाचे खांब, तुळया आणि कडीपाट यांचा संसार. १७३२ मध्ये वास्तुशांत झालेल्या शनिवारवाड्याच्या आतल्या इमारती १८२८ च्या आगीत जळाल्या आणि मुख्यतः दगडी जोती व तट मागे राहिले, यावरून तिथे लाकूड किती होते याचा अंदाज यावा. तरीही वाड्यातल्या माणसाला हे लाकूड दिसे ते खालून, छत म्हणून. वरच्या मजल्यावर त्याच फळ्यांवर मातीचा जाड थर चोपलेला असे आणि तो शेणाने सारवलेला असे. एकाच्या डोक्यावरचे लाकूड दुसऱ्याच्या पायाखाली होते, पण पायाला ते कधी लागले नाही.

मातीच्या थराची व्यावहारिक कारणे उघड आहेत. फटींतून केर आणि पाणी खाली गळत नाही, पावलांचा आवाज दबतो, उन्हाळ्यात गारवा राहतो. पण मला वाटते, खरे कारण स्वच्छतेच्या कल्पनेत आहे. आपण जमिनीवर बसणारे, जमिनीवर जेवणारे लोक. पंगत उठली की उष्टी काढायची आणि शेणगोळा फिरवायचा, तेव्हा कुठे ती जागा पुन्हा शुद्ध व्हायची. उघड्या फळीवर हे जमत नाही. लाकडाला ओल सोसत नाही. ते आडव्या अंगाने फुगते, सुकले की आकसते, आणि सांध्यांत गेलेले खरकटे निघत नाही. त्याला कोरडा झाडू, तेल किंवा मेण आणि जमिनीपासून दूर, खुर्चीवर बसणारी माणसे लागतात. म्हणून आपल्याकडे लाकूड जमिनीवर आले ते पाटाच्या रूपाने: धुता येईल, उचलून भिंतीला टेकवता येईल असे. मराठी घराची लाकडी जमीन एका माणसापुरती होती, असे गमतीने म्हणता येईल.

सारवणाचे कौतुक पुष्कळ होते, आणि ते करणाऱ्यांत स्वतः कधी न सारवलेल्यांची संख्या मोठी असावी. हे काम बहुतांशी बायकांचे होते आणि ते कसबाचे होते. शेणकाल्यात पाणी जास्त झाले तर वाळताना भेगा पडतात. शेणातले तंतू माती धरून ठेवतात, म्हणून शेण कमी पडूनही चालत नाही. पोतेऱ्याचा हात अर्धवर्तुळात, मागे सरकत फिरवायचा, नाहीतर आपणच ओल्यात अडकतो. कोकणात पावसाने उखडलेले खळे दिवाळीच्या सुमारास पुन्हा खणून, भिजवून, चोपण्याने ठोकून नवे करावे लागे. पिढ्यान्‌पिढ्यांचे हे ज्ञान आईच्या हातातून मुलीच्या हातात गेले. कागदावर फारसे आलेच नाही. उलट ज्या फडक्याने घर लख्ख होई, त्या ‘पोतेऱ्या’चीच भाषेने शिवी करून टाकली. असो.

पहिला मोठा बदल दगडाने घडवला. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८७१ मध्ये रायचूरपर्यंत पोहोचला. त्याच मार्गावर, तेव्हाच्या निजामाच्या राज्यात, शहाबाद आहे. तिथला चुनखडक मुळातच थरांत साचलेला, त्यामुळे त्याच्या सपाट लाद्या सहज सुटतात. ही करडी, स्वस्त लादी रेल्वेच्या आधाराने पश्चिम महाराष्ट्रभर पसरली आणि रोजचे सारवण संपून रोजचे पुसणे सुरू झाले. लिंबू, चिंच किंवा ॲसिड सांडले की तिच्यावर कायमचा डाग पडतो, हा धडाही घराघरांत आपापला शिकला गेला. श्रीमंतांसाठी इंग्लंडहून मिंटनच्या नक्षीदार लाद्या येत. कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये त्या आजही पाहता येतात. त्यांना स्वदेशी उत्तर म्हणून सिधवा कुटुंबाने १९२२ मध्ये भारत टाइल्सचा उद्योग उभा केला. ही लादी भट्टीत भाजत नाहीत. साच्यात रंगीत सिमेंट ओतून, दाबाखाली घट्ट करून पाण्यात मुरवतात. तिच्यानंतरच्या मोझॅक आणि व्हिट्रिफाइड लाद्यांचा इतिहास मुख्यतः चकाकीचा आहे. त्यावर इथे रेंगाळत नाही.

लाकूड मात्र आता उघड्यावर आले आहे, आणि तेही चित्ररूपाने. स्वीडनच्या पर्स्टॉर्प कंपनीने १९७७ मध्ये शोधलेली लॅमिनेट फरशी म्हणजे दाबलेल्या लाकूडभुश्याच्या पाटीवर चिकटवलेले लाकडाचे छायाचित्र आणि वर कठीण पारदर्शक थर. आमच्या पुण्याच्या घरात ती आम्ही हौसेने घेतली. ‘देखभाल लागत नाही’ असे विक्रेत्याने सांगितले होते. फळ्यांचे गठ्ठे बसवण्याआधी दोन दिवस त्याच खोलीत ठेवावेत, भिंतीलगत फुगण्यासाठी आठ-दहा मिलिमीटर जागा सोडावी, हे नियम नंतर वाचले. नमुने पाहताना आम्ही रंगावर तासभर वाद घातला. ती पुसणार होत्या त्या मावशींना कोणीच काही विचारले नाही. पहिल्या दिवशी त्यांनीच बादली दारात ठेवून विचारले, “ताई, ही पुसायची कशानं?” मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या पावसाळ्यात गॅलरीजवळचे सांधे फुगून वर आले. सागाची फळी असती तर रंधा मारून किंवा घासून, तेल देऊन पुन्हा सरळ करता आली असती. छायाचित्र घासता येत नाही.

तिथल्या फळ्या काढून आता शहाबादीचे तुकडे बसवले आहेत. हा सल्ला मावशींचा. तेवढ्या पट्ट्यात त्या बादलीभर पाणी मोकळेपणाने ओततात आणि बाकीच्या खोलीत घट्ट पिळलेले फडके फिरवतात, पुन्हा मागे सरकत, अर्धवर्तुळात.