आधी माती, मग पाते

डोझर घ्यायचा म्हटला की पहिला प्रश्न अश्वशक्तीचा निघतो, दुसरा किमतीचा, तिसरा डिझेलचा. पाते कोणत्या घडणीचे, मागे रिपर लावायचा की विंच, पट्टे किती रुंद, या गोष्टींची पाळी सौदा ठरत आल्यावर येते. या यंत्राचा इतिहास मात्र नेमका उलट्या क्रमाने घडला आहे. मातीपुढे चाके हरली म्हणून पट्टे आले, हाताचे काम रेंगाळले म्हणून पाते आले आणि इंजिन या दोघांच्या मागून मोठे होत गेले.

पट्ट्यांची गोष्ट कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन गावची. तिथल्या नद्यांच्या त्रिभुज प्रदेशातली जमीन कुजलेल्या वनस्पतींनी बनलेली, काळी, सुपीक आणि इतकी पोकळ की वाफेवर चालणारे अवजड ट्रॅक्टर तिच्यात रुतून बसत. बेंजामिन होल्ट या कारखानदाराने आधी चाके रुंद करून पाहिली. रुंद करता करता एका ट्रॅक्टरची रुंदी 46 फुटांपर्यंत गेली, तरी प्रश्न सुटला नाही. मग त्याने चाकेच काढली आणि त्यांच्या जागी फिरते पट्टे बसवले. 24 नोव्हेंबर 1904 रोजी रॉबर्ट्स आयलंडवर त्याची चाचणी झाली. तेच वजन जास्त क्षेत्रावर पसरले आणि यंत्र न रुतता चालू लागले. आजही दलदलीतल्या कामासाठी रुंद पट्ट्यांचा डोझर वेगळा मागवावा लागतो, त्यामागे होल्टचाच हिशेब आहे. 1925 मध्ये होल्टची कंपनी आणि तिची जुनी प्रतिस्पर्धी बेस्ट कंपनी एक झाल्या. त्यांतून कॅटरपिलर उभी राहिली.

पण पट्ट्यांचा ट्रॅक्टर अजून फक्त ओढत होता. ढकलायला तो शिकला कॅन्सासमध्ये. 1923 च्या सुमारास तिथे तेलाच्या नळवाहिन्या टाकण्याचे काम जोरात होते. नळ टाकून झाले की मैलोगणती चर पुन्हा मातीने बुजवायचे, आणि ते हाताने किंवा जनावरांच्या जोरावर करताना वेळ व पैसा दोन्ही संपत. मॉरोव्हिल या खेड्यातला शेतकरी जेम्स कमिंग्ज आणि ड्राफ्ट्समन अर्ल मॅक्लिऑड यांनी ट्रॅक्टरच्या तोंडाशी वर-खाली होणारे रुंद पाते बसवले. 6 जानेवारी 1925 रोजी त्यांना मिळालेले अमेरिकी पेटंट, क्रमांक 15,22,378, हे ट्रॅक्टरला लावायच्या जोडणीचे आहे, अख्ख्या यंत्राचे नाही. पुढची वीसेक वर्षे हीच रीत राहिली. ट्रॅक्टर एका कंपनीकडून घ्यायचा आणि पाते दुसरीकडून. आयोवातली लाप्लांट-शोट ही अशी पाती बनवणारी कंपनी होती. कॅटरपिलर स्वतःची पाती मोठ्या प्रमाणावर बनवू लागली ती 1940 च्या दशकात.

दुसरा मोठा पातेवाला स्टॉकटनमध्येच घडला. रॉबर्ट लेटोर्नो जमीन सपाटीकरणाची कामे घेत असे आणि मनासारखे अवजार मिळेना म्हणून स्वतःच घडवत असे. 1920 च्या दशकाअखेरीस त्याने पोलादी दोराने पाते उचलण्याची व्यवस्था केली. ती झपाट्याने काम करी, पण तिच्यात एक उणीव होती. दोर पाते वर उचलू शकतो, खाली दाबू शकत नाही. त्यामुळे पाते स्वतःच्या वजनाने जेवढे रुतेल तेवढेच रुते, आणि कठीण मुरमावर ते नुसते घसरत जाई. हायड्रॉलिक नळ्यांनी ही अडचण दूर केली, तरी दोरवाले डोझर 1960 च्या दशकापर्यंत राबत होते. पाते तिरके धरण्याची सोयही याच काळात रुळली. डोंगराच्या कुशीत रस्ता काढताना तोडलेली माती पुढे लोटत न्यायची नसते, ती दरीच्या बाजूला सोडायची असते. त्याला सरळ पाते कामाचे नाही.

दुसऱ्या महायुद्धात हे डोझर हिंदुस्थानच्या ईशान्येला पोहोचले. आसामातल्या लेडोहून ब्रह्मदेशमार्गे चीनकडे जाणाऱ्या रस्त्याचे काम डिसेंबर 1942 मध्ये सुरू झाले. पाटकाईच्या डोंगररांगा, मलेरिया आणि महिनोन्महिने कोसळणारा पाऊस. तिथे अमेरिकी इंजिनिअर पलटणींनी काम केले, आणि त्यांतले बहुसंख्य सैनिक कृष्णवर्णीय होते. त्यांच्याबरोबर हजारो स्थानिक मजूर होते. जानेवारी 1945 मध्ये या वाटेने पहिला ताफा चीनकडे निघाला. या रस्त्याने अमेरिकेच्याच अकराशेच्या आसपास लोकांचे प्राण घेतले. त्यात बळी गेलेल्या मजुरांची आठवण क्वचितच निघते, आणि ती निघायला हवी.

युद्ध संपले तेव्हा अमेरिकी सैन्याची बरीच यंत्रे इथेच राहिली. सरकारने त्यांतले ट्रॅक्टर घेऊन केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभी केली. शत्रू होता कांस. मध्य प्रदेश, भोपाळ आणि बुंदेलखंडातली चांगली काळी जमीन या गवताने गिळली होती. कांसाचे कंद खोल जातात, आणि बैलांचा नांगर वरवर फिरला तर ते तुटून आणखी फुटतात. उन्हाळ्यात खोल नांगरट करून कंद उन्हात उघडे पाडणे हाच उपाय होता. तेव्हा पट्ट्यांच्या ट्रॅक्टरपुढे पाते नको होते, मागे अवजड नांगर हवा होता. 1949 मध्ये जागतिक बँकेने भारताला शेतीयंत्रांसाठी 1 कोटी डॉलरचे कर्ज दिले, तेही प्रामुख्याने याच कामासाठी.

जपानची कथा याच युद्धातून वळण घेऊन भारतात येते. वेक बेटावर जपान्यांच्या हाती अमेरिकी डोझर लागले. त्यांचा अभ्यास करून नौदलाने कोमात्सु कंपनीकडून 1943 मध्ये पहिला जपानी डोझर बनवून घेतला. त्याच कोमात्सुच्या तंत्रसाहाय्यावर पुढे भारत अर्थ मूव्हर्स म्हणजे बीईएमएल उभी राहिली. 1964 साली स्थापन झालेली ही सरकारी कंपनी कोलारच्या सुवर्णखाणींच्या गावात डोझर बनवते. 7 मे 1960 रोजी स्थापन झालेल्या सीमा रस्ते संघटनेच्या हिमालयातल्या कामांवर डोझर पुढे आणि बाकीची यंत्रे मागे हा क्रम वर्षानुवर्षे राहिला.

गोव्यात यंत्रे आली ती लोहखनिजासाठी. पोर्तुगीज अमलातच, 1950 च्या दशकात, जपानी पोलाद उद्योगाला खनिज विकण्याच्या व्यवहारांबरोबर यंत्रसामग्री आली. त्याआधी कुदळ, पाटी आणि बायकांची डोकी यांवर खाण चालत असे. डोझरने जांभ्याचा थर झपाट्याने बाजूला सारला आणि उत्पादन वाढले. पण बाजूला सारलेल्या मातीचे ढीग पावसात वाहून भातशेतीत उतरले, आणि त्याची किंमत शेतकऱ्यांनी मोजली. किती माती उचलता येते याबरोबर ती कुठे टाकणार हा प्रश्न सुरुवातीलाच विचारला गेला असता, तर बरेच नुकसान टळले असते.

महाराष्ट्राच्या जमिनीला सगळ्यात जवळची जोडणी म्हणजे रिपर, डोझरच्या मागचा पोलादी दात. पूर्वी तो वेगळ्या गाड्यावर ओढून न्यावा लागे, पण 1950 च्या दशकापासून तो डोझरच्याच पाठीवर हायड्रॉलिकने बसू लागला. दात कुठे चालेल हे आधीच ताडण्याची पद्धतही त्याच सुमारास आली. जमिनीवर घण मारायचा आणि धक्क्याची लाट किती वेगाने पसरते ते मोजायचे. वेग कमी तर खडक फाटेल, वेग जास्त तर सुरुंग लावावा लागेल. दख्खनच्या पठारावर हा फरक दोन-चार हातांवर बदलतो. वरचा मुरूम रिपरला सहज दाद देतो, पण खालचा अभंग काळा कातळ दातांची टोके झिजवून टाकतो.

बाकीच्या निवडीही अशाच ठरत आल्या. सरळ पाते जड, चिकट मातीला. दोन्ही कडा पुढे वळलेले यू पाते कोळसा किंवा सुटा माल भरपूर लोटायला. मधले सेमी-यू दोन्ही कामांना, म्हणून खाणीत तेच जास्त. अंतर शंभर मीटरच्या पुढे गेले की डोझरने ढकलत नेणे परवडत नाही, डंपर लावावा लागतो. पट्टे, रोलर आणि स्प्रॉकेट मिळून होणारी अंडरकॅरेज दुरुस्तीच्या खर्चातला साधारण निम्मा भाग खाते, आणि खडकाळ जागी गरजेपेक्षा रुंद पट्टे लावले तर ती झीज आणखी वाढते. 1977 मध्ये कॅटरपिलरने डी-10 मध्ये स्प्रॉकेट जमिनीपासून वर उचलले, ते जमिनीच्या धक्क्यांपासून वाचवण्यासाठी.

आज गावोगावची किरकोळ कामे जेसीबी आणि पोकलेनने घेतली आहेत, आणि छोट्या कंत्राटदाराला तेच परवडते. मोठा भराव, खाण, धरणाचे काम, कचरा डेपो, घाटरस्ता इथे मात्र डोझरच हवा. तो घेण्याआधी कंत्राटदाराने जागेवर दोन-तीन ठिकाणी माणूसभर खोल खड्डे घ्यावेत, माती पाहावी, माल किती मीटर लोटायचा ते मोजावे, आणि विक्रेत्याला आधी पात्याबद्दल व पट्ट्यांबद्दल विचारावे. अश्वशक्तीचा आकडा त्यानंतर पाहावा.